फोन किती वर्षांनी बदलावा : खरेदीच्या दिवसापासून मांडायचा हिशोब

माझ्या फोनच्या खोक्याच्या आतल्या बाजूला मी पेनाने एक महिना आणि वर्ष लिहून ठेवले आहे. ती तारीख खरेदीची नाही. त्या फोनला सुरक्षा अपडेट, म्हणजे प्रणालीतली भगदाडे बुजवणारे बदल, मिळणे ज्या महिन्यात थांबणार आहे, तो महिना तिथे लिहिलेला आहे. ‘फोन दर दोन वर्षांनी बदलावा की चार वर्षांनी’ या प्रश्नाचे उत्तर अनेक जण जुना फोन कुरकुरू लागल्यावर शोधू लागतात. खरे पाहता फोन घेताना ही एक तारीख माहीत करून घेतली, तर निम्मे उत्तर त्याच दिवशी हाती येते आणि उरलेले निम्मे बॅटरी, दुरुस्तीचा खर्च व आपली गरज पाहून ठरवता येते.

ही तारीख शोधताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कंपनी अपडेटची वर्षे आपल्या खरेदीपासून मोजत नाही, तर ते मॉडेल बाजारात आले त्या दिवसापासून मोजते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणताना सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, म्हणजे त्याची मुदत ऑक्टोबर २०३० पर्यंत आहे. सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ मालिकेसाठी सात वर्षांचे, तर त्याच वर्षी आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या तुलनेने स्वस्त फोनसाठी सहा वर्षांचे आश्वासन दिले. अ‍ॅपल भारतातल्या जाहिरातीत अशी वर्षे मोजून सांगत नाही, पण जुना अनुभव अंदाज बांधायला पुरेसा आहे. २०१८ चे आयफोन एक्सएस आणि एक्सआर यांना सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आयओएस २६ ही प्रणाली मिळाली नाही, २०१९ च्या आयफोन ११ ला मात्र ती मिळाली. आता कोणी पिक्सेल ८ दिवाळीच्या सेलमध्ये, बाजारात आल्यानंतर दोन वर्षांनी, मोठ्या सवलतीत घेतला असेल, तर त्याच्या हाती सात नव्हे, पाच वर्षे आली. सवलत वाईट नसते, पण ती पुष्कळदा निघून गेलेल्या वर्षांची भरपाई असते, आणि ती भरपाई पुरेशी आहे की नाही हे पुढच्या भागाकारावरून कळते.

हातातल्या फोनची स्थिती पाहायची असेल, तर अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज उघडून ‘अबाउट फोन’ आणि त्यात ‘अँड्रॉइड व्हर्जन’ येथे जावे. तिथे सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती तीन-चार महिन्यांपूर्वीची असेल तर काळजीचे कारण नाही, कारण स्वस्त फोनांना दरमहा अपडेट मिळत नाहीत. ती वर्षभरापूर्वीची असेल आणि ‘फोन अद्ययावत आहे’ असा संदेशही दिसत असेल, तर कंपनीने तो फोन सोडून दिला आहे असे समजावे. अँड्रॉइडची नवी आवृत्ती आणि सुरक्षा अपडेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच सांगायला हवे. नवी आवृत्ती मिळाली नाही तर नवे रूप आणि काही सोयी हुकतात, एवढेच. सुरक्षा अपडेट थांबले की मात्र प्रणालीत सापडलेली नवी भगदाडे आपल्या फोनमध्ये तशीच उघडी राहतात. फोन त्या दिवशी बंद पडत नाही, अ‍ॅपही पुढे काही वर्षे चालतात. तरीही ज्या फोनवर बँकेचे अ‍ॅप, यूपीआय आणि ओटीपीचे सिमकार्ड एकत्र नांदतात, तो फोन या अवस्थेत वर्षापेक्षा अधिक काळ वापरू नये, असे माझे मत आहे. गाणी ऐकण्यासाठी किंवा मुलांना गोष्टी लावून देण्यासाठी तोच फोन वापरायला माझी हरकत नाही.

यानंतर बॅटरी. फोन बदलण्याचा निर्णय चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, म्हणून थोडे सविस्तर पाहू. लिथियम-आयन बॅटरीचे वय वर्षांपेक्षा चार्जिंगच्या चक्रांत मोजणे अधिक अचूक असते. एक चक्र म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज साठ टक्के आणि उद्या चाळीस टक्के खर्च झाले, तर दोन दिवसांत मिळून एक चक्र झाले. आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेलांच्या बॅटऱ्या ५०० चक्रांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरतील अशा बनवल्या आहेत, आणि आयफोन १५ पासून हा आकडा १००० चक्रांवर गेला, असे अ‍ॅपल सांगते. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून तिथे विक्रीला येणाऱ्या फोनांच्या बॅटरीत ८०० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, असा नियमच केला आहे. आपण रोज ८० टक्के बॅटरी वापरतो असे धरले, तर ५०० चक्रे ६२५ दिवसांत, म्हणजे पावणेदोन वर्षांच्या आतच संपतात, आणि ८०० चक्रांना १००० दिवस, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षे लागतात. ‘दोन वर्षांत फोन जुना होतो’ ही समजूत बहुधा या पहिल्या आकड्यातून रुजली असावी. जुनी होते ती बॅटरी. प्रोसेसर, पडदा आणि कॅमेरा तोवर चांगले ठणठणीत असतात.

याचे सर्वांत ठळक उदाहरण डिसेंबर २०१७ मध्ये जगापुढे आले. बॅटरी थकलेल्या काही आयफोनांचा वेग, ते अचानक बंद पडू नयेत म्हणून, आपण प्रणालीतूनच कमी करत होतो, असे अ‍ॅपलने तेव्हा मान्य केले आणि पुढे वर्षभर बॅटरी कमी दरात बदलून दिली. बॅटरी बदलताच असे फोन पुन्हा पहिल्यासारखे चालू लागले. त्याआधी किती जणांनी ‘फोन आता हळू झाला’ म्हणत नवा घेतला असेल, कोण जाणे.

आपल्याकडे बॅटरीचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उन्हाळा. सभोवतालचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यावर बॅटरीच्या क्षमतेची कायमची हानी होऊ शकते, अशी सूचना कंपन्या देतात, आणि नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. भर दुपारी दुचाकीच्या हँडलवर फोन लावून, नकाशा चालू ठेवून आणि वर चार्जिंगही करत जाणे म्हणजे बॅटरीला एकाच वेळी तीन बाजूंनी तापवणे होय. माझ्या एका फोनची बॅटरी अशीच एका उन्हाळ्यात फुगली आणि पाठचे झाकण उचलले गेले. फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्ज करू नये, दाबून झाकण बसवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. बॅटरी फुगली नसेल आणि केवळ दुपारपर्यंतच टिकत असेल, तर आधी तिची तपासणी करावी. आयफोनच्या सेटिंग्जमधील बॅटरी विभागात उरलेली क्षमता टक्केवारीत दिसते, सॅमसंगच्या फोनांत ‘सॅमसंग मेंबर्स’ या अ‍ॅपमधून तपासणी करता येते, आणि इतर फोनांसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठावे. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली गेलेली असेल आणि अपडेटची मुदत वर्षाहून अधिक उरलेली असेल, तर नवा फोन पाहण्याआधी नवी बॅटरी टाकावी.

फोन हँग होतो या तक्रारीचे दुसरे कारण अगदी घरगुती असते, ते म्हणजे भरलेले स्टोरेज. ६४ जीबीच्या फोनमध्ये चार कौटुंबिक गटांवरील सुप्रभाताची फुले आणि वाढदिवसांचे व्हिडिओ साठत राहिले, की जागा संपते आणि फोन अडखळू लागतो. निदान दहा टक्के जागा मोकळी ठेवावी. त्यानेही भागले नाही, तर सर्व माहितीचा बॅकअप घेऊन एकदा फॅक्टरी रीसेट करून, म्हणजे फोन पुसून मूळ कोऱ्या स्थितीत आणून, पाहावे. तेवढ्यावर काहींचे आणखी एक वर्ष सहज निघते.

आता मुख्य हिशोब. फोनच्या किमतीला तो सुरक्षितपणे जितके महिने वापरता येईल तितक्या महिन्यांनी भागावे. समजा, सोळा हजार रुपयांच्या एका फोनला तीन वर्षांचे अपडेट उरले आहेत. त्याचा खर्च महिना सुमारे ४४४ रुपये पडतो. दुसरा फोन अठ्ठावीस हजारांचा आहे, त्याला सहा वर्षांचे अपडेट आहेत आणि मध्ये एकदा तीन हजारांची बॅटरी टाकावी लागेल असे धरले. एकूण एकतीस हजार भागिले ७२ महिने, म्हणजे महिना सुमारे ४३१ रुपये. महाग दिसणारा फोन महाग ठरला नाही. मात्र हाच अठ्ठावीस हजारांचा फोन तीन वर्षांनी कंटाळून एक्स्चेंजमध्ये दिला आणि त्याचे आठ हजार आले, तर उरलेले वीस हजार ३६ महिन्यांवर पसरतात आणि महिन्याला ५५६ रुपये मोजावे लागतात. म्हणून ज्यांना दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलल्यावाचून चैन पडत नाही, त्यांनी सात वर्षांच्या आश्वासनासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. ज्यांना फोन झिजेपर्यंत वापरायचा असतो, त्यांनी नेमके तिथेच मोजावेत.

दुरुस्तीलाही हाच भागाकार लावता येतो, आणि मला तो सर्वांत उपयोगी वाटतो. दुरुस्तीच्या खर्चाला अपडेटच्या उरलेल्या महिन्यांनी भागावे. दीड वर्ष उरलेल्या फोनमध्ये अडीच हजारांची बॅटरी टाकली, तर महिना १३९ रुपये पडतात. एवढ्या स्वस्तात कोणताही नवा फोन मिळणार नाही. उलट दहा महिने उरलेल्या फोनचा डिस्प्ले फुटला आणि त्याला सात हजार लागत असतील, तर महिना ७०० रुपये होतात, आणि अशा वेळी फोन बदलणेच शहाणपणाचे. डिस्प्ले हा बहुतेक फोनांचा सर्वांत महाग सुटा भाग असतो, तेव्हा चांगले कव्हर आणि काच यांवर सुरुवातीलाच केलेला खर्च याच हिशोबात वसूल होतो. दुरुस्तीआधी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचे ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल जरूर पाहावे. ते २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाले असून त्यावर कंपन्यांच्या दुरुस्तीविषयीची माहिती एकत्र मिळते.

नव्या फोनच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो. ‘बिनव्याजी’ हप्त्यांत व्याजाची रक्कम सवलत म्हणून वळती केली जाते, पण त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क पुष्कळदा ग्राहकालाच भरावे लागते. भागाकार करताना जाहिरातीतली किंमत न घेता प्रत्यक्ष खिशातून जाणारी रक्कम घ्यावी.

काही जणांना हे गणित लागू होत नाही. ज्यांचे पोट फोनच्या कॅमेऱ्यावर आहे, म्हणजे जे लग्नांचे रील बनवतात किंवा घरच्या केकची छायाचित्रे टाकून ऑर्डर मिळवतात, त्यांनी फोनला दुकानातल्या वजनकाट्यासारखे साधन मानावे आणि ते कमी पडू लागले की बदलावे. इतरांनी मात्र नव्या मॉडेलचा कॅमेरा पाहून भुलण्याआधी आपल्या गॅलरीतले शेवटचे शंभर फोटो चाळावेत. त्यांत किती फोटो कॅमेऱ्यामुळे बिघडले आणि किती हात हलल्यामुळे, हे लगेच दिसते. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, पण तुमच्या घरी आणि कार्यालयात वायफाय असेल, तर ४जी फोन केवळ त्या कारणासाठी टाकून देण्याची गरज नाही.

आपल्या घरांतील एका प्रथेविषयी मात्र मला स्पष्ट लिहायचे आहे. मुलगा नवा फोन घेतो आणि अपडेट संपलेला जुना फोन आईकडे जातो, कारण ‘तिला काय, व्हॉट्सअ‍ॅपच तर पाहायचे आहे’. प्रत्यक्षात त्याच फोनवर तिच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे संदेश येतात, आणि लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलवर, म्हणजे फोनमध्ये परस्पर अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलवर, बोट पडण्याची शक्यताही तिथे अधिक असते. अपडेट असले म्हणजे अशी फाइल निरुपद्रवी होते असे नाही, पण अपडेट नसलेल्या फोनमध्ये नुकसानाची वाट आणखी मोकळी होते. घरात दोनच फोन घेण्याची ऐपत असेल, तर जास्त मुदतीचा फोन आईच्या हाती असावा. दुसऱ्या कोणाचा वापरलेला फोन विकत घ्यायचा झाल्यास, स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तपासावा, म्हणजे तो चोरीचा म्हणून रोखलेला आहे का हे पैसे देण्याआधीच कळते. त्यानंतर त्याच्या अपडेटची तारीख पाहावी आणि मगच भाव करावा.

जुना फोन हातावेगळा करताना आधी व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्यावा, बँकेची व यूपीआयची अ‍ॅप नव्या फोनवर सुरू झाल्याची खात्री करून घ्यावी, मग जुन्या फोनमधून गूगल किंवा अ‍ॅपलचे खाते काढावे आणि त्यानंतरच रीसेट करावा. खाते न काढता रीसेट केला, तर घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद फोन जाऊ शकतो. सिमकार्ड आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नये, कारण एक्स्चेंजसाठी घरी आलेला माणूस घाईत असतो. जो फोन कोणीच घेणार नाही, तो घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात तो देता येतो. बॅटरी फुगलेली असेल, तर तो फोन इतर वस्तूंबरोबर पिशवीत न कोंबता वेगळा न्यावा आणि देताना तसे सांगावे.