पहिली नोकरी अंबडला लागली असेल तर

मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल, म्हणजे मशीन चालू-बंद करणाऱ्या वायरिंगच्या पेट्या, बनवणाऱ्या एका कंपनीत प्रॉडक्शन बघते. आयटीआय, डिप्लोमा किंवा नुसती बारावी झालेली मुलं-मुली घेणं आणि त्यांना वायरिंगच्या लाइनवर उभं करणं माझ्याकडे असतं. ‘आजकालच्या पोरांना काम नको, नुसता पगार पाहिजे’ हे वाक्य मला कँटीनमध्ये ऐकू येतं, लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, आणि बोलणाऱ्यांत बहुतेक माझ्याच वयाचे असतात. मला ते पटत नाही. आमच्याकडे येणारी मुलं बारा-बारा तास उभी राहू शकतात. त्यांना जमत नाही ती एकच गोष्ट: वेळेत सांगणं. येत नाही, समजलं नाही, चुकलंय, उशीर होणार आहे, ही वाक्यं त्यांच्या तोंडून निघत नाहीत. पहिल्या तीन महिन्यांत नोकरी जाते ती बहुतेक यामुळेच. म्हणून पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

रुजू होण्याआधी

कॉल आला की घाईघाईत ‘हो’ म्हणू नका. चार प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून घ्या. मी कंपनीच्या हजेरीवर असेन की ठेकेदाराच्या? हातात किती येणार? पाळ्या कोणत्या? नेमणूकपत्र कधी मिळणार? नव्या श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत आणि त्यांत नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे, त्यामुळे ते मागण्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारणाऱ्या मुलाला मी आगाऊ समजत नाही. उलट हा पुढेही विचारेल असं वाटून मला बरं वाटतं.

शासनाच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून येत असाल तर ती नोकरी नसून प्रशिक्षण आहे हे घरीही नीट सांगा. बारावीला 6000, आयटीआय-पदविकेला 8000 आणि पदवीला 10000 रुपये महिना असं विद्यावेतन ठरलेलं आहे. मुदत संपल्यावर प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका, पुढच्या इंटरव्ह्यूला तेच दाखवायचं असतं.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, पाळीच्याच वेळेला, एकदा गेटपर्यंत जाऊन या. सकाळी सातच्या पाळीला नाशिकरोडहून येणारा मुलगा दुपारी रस्ता बघून गेला तर त्याला काहीच कळत नाही. पहाटे सिटीलिंकची बस किती वाजता मिळते, पाथर्डी फाट्यावर उतरून किती चालायचं, पावसात द्वारकेला किती वेळ जातो, हे पायाखालून गेलेलं असावं.

पहिला आठवडा

एक खिशात मावणारी वही आणि पेन ठेवा. मोबाइलवर ड्रॉइंगचा फोटो काढू नका. ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं असतं, बऱ्याच ठिकाणी फोटो काढला म्हणून थेट गेटबाहेर काढतात. वहीत लिहा: कोणतं हत्यार कुठे ठेवायचं, कोणाला काय म्हणतात, कोणत्या टेबलावर कोणतं काम होतं. शाळेत आपल्याला उत्तरं लिहायची सवय लागते. इथे आपले प्रश्न लिहायचे आहेत.

जुन्या माणसांना काका किंवा भाऊ म्हणा, ऑफिसातल्यांना सर-मॅडम. पण नुसत्या ‘काका’ने भागत नाही. आमचा एक जुना वायरमन नव्या पोरांवर सारखा खेकसायचा. त्याचं बोलणं नीट ऐकलं तेव्हा कळलं की पोरं हातातलं काम चालू असताना मध्येच विचारतात आणि विचारतात तेही ‘आता काय करू?’ एवढंच. या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे सगळं काम पहिल्यापासून समजावणं. त्याऐवजी त्याचा हात मोकळा व्हायची वाट बघा आणि असं विचारा: ‘काका, ड्रॉइंगमध्ये टीबी-2 च्या 14 नंबरला 24 व्होल्ट डीसी दाखवलंय. माझ्या हातातल्या वायरवर फेरूल 41 आहे. मी पान 6 बघितलं, तिथेही जुळत नाही. एकदा बघता का?’ (टीबी म्हणजे वायरी जोडायची पट्टी आणि फेरूल म्हणजे वायरवर चढवलेली नंबराची नळी.) तुम्ही काय बघितलं आणि कुठे अडलात, दोन्ही त्यात आलं. तोच वायरमन अशा प्रश्नाला उठून येतो.

आमच्या आधीच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही, आणि त्याचं कारण त्यांचा स्वभाव नाही. माझे वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये, म्हणजे सरकारी छापखान्यात होते. आमचं घर त्यांच्या पाळीवर चालायचं. ते वर्षानुवर्षं एकाच उस्तादाच्या हाताखाली होते, त्याचा हात बघून शिकले, न विचारता. ‘मायकोत चिकटला’, म्हणजे तिथल्या मायको कंपनीत लागला, की पोराचं आयुष्य मार्गी लागलं असं सातपूरकडे म्हणायचे. 2008 मध्ये मायकोचं नाव बॉश झालं तरी जुनी माणसं अजून मायकोच म्हणतात. तेवढा वेळ समोर असेल तर बघून शिकता येतं. आज ठेकेदाराकडून आलेल्या मुलाला सात महिने मिळतात. जुन्या कायद्यात वर्षात 240 दिवस काम भरलं की ती सलग सेवा धरली जायची, म्हणून सात महिन्यांनी ब्रेक द्यायची पद्धत पडली, आणि पोरांना ते पक्कं ठाऊक असतं. सात महिन्यांत बघून शिकणं होत नाही, विचारूनच शिकावं लागतं. आणि ज्याला आपण सात महिन्यांनी घरी पाठवणार आहोत, त्याने वडिलांसारखं कंपनीला घर समजावं ही अपेक्षा धरणं मला अन्यायाचं वाटतं. माझ्याबरोबरच्या सुपरवायझरांनाही मी हे सांगते.

चूक झाली की

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळं इथेच ठरतं.

इंटरव्ह्यूला आलेल्या प्रत्येकाला मी दीड स्क्वेअर मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड (बऱ्याच बारीक तारांची) वायर, इन्सुलेशन सोलायचा स्ट्रिपर, वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा लग आणि तो दाबून बसवायचं क्रिंपिंग टूल देते. लगच्या नळीत जाईल तेवढंच इन्सुलेशन काढायचं. जास्त निघालं तर मागे उघडं तांबं राहतं. कमी निघालं तर इन्सुलेशनच लगमध्ये दाबलं जातं आणि पकड तांब्यावर न बसता प्लास्टिकवर बसते. तारा हलक्या हाताने पिळून सगळ्या आत घालायच्या, दाबायचं आणि मग वायर ओढून बघायची. दहा मिनिटांचंही काम नाही हे.

नवख्याकडून काय होतं? स्ट्रिपर चुकीच्या खाचेत धरला जातो आणि इन्सुलेशनबरोबर दोन-तीन बारीक तारा तुटतात. किंवा एखादी तार लगमध्ये न जाता बाहेर वाकून राहते. इथे मुलं दोन प्रकारची निघतात. पहिला मुलगा बाहेर आलेली तार कटरने हळूच छाटतो. लग देखणा दिसतो. ओढून बघितलं तरी निघत नाही. पण वायरचा छेद कमी झाला, त्यातून ठरलेला करंट गेला की तो सांधा तापतो, आणि ते कळतं काही महिन्यांनी, गिऱ्हाइकाच्या कारखान्यात, बहुधा रात्रपाळीला. तोवर त्या पॅनेलमधल्या शेकडो सांध्यांपैकी कुठला, हे शोधायला आमचा माणूस तिथे जाऊन बसतो.

दुसरा मुलगा वायर माझ्यापुढे धरतो आणि म्हणतो, ‘मॅडम, यातल्या दोन तारा तुटल्या, दुसरी घेऊ का?’ नुकसान किती? एक लग आणि वीतभर वायर. मी त्याला घेते, मग त्याचा लग वाकडा का असेना. हात आठवड्याभरात बसतो.

येवल्याकडून आलेली एक मुलगी आमच्याकडे अशीच लागली. दुसऱ्या महिन्यात तिने जेवणाच्या सुट्टीआधी येऊन सांगितलं की सकाळपासून टाइट केलेल्या स्क्रूंवर तिने मार्करची रेघ मारली आहे, पण शेवटच्या ओळीत ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरला की साधा, तिला आठवत नाही. तिच्यावर कोणीच संशय घेतला नसता, कारण रेघ मारलेली होती. ती ओळ पुन्हा टाइट करायला अर्धा तास गेला. आज टेस्टिंगला पॅनेल पाठवण्याआधीची शेवटची सही तिची असते.

चूक सांगायची पद्धत अशी ठेवा: काय झालं, कुठे झालं, किती नगांत झालं असेल, आणि मी आत्ता काम थांबवलंय की चालू आहे. ‘सॉरी सॉरी’ करत बसू नका, साहेबाला आधी आकडा हवा असतो. बोलणी बसतील. बसू द्या. दोन दिवसांनी तोच साहेब तुमच्या टेबलावरचं काम तपासणं कमी करतो.

एका बाबतीत मात्र साहेबालाही ‘नाही’ म्हणायचं. पॅनेल टेस्टिंगला चार्ज असेल, म्हणजे त्यात सप्लाय चालू असेल, आणि कोणी म्हणालं, ‘जरा हात घालून ती वायर बाजूला कर,’ तर हात घालायचा नाही. सप्लाय बंद करून, तपासून, मगच. ‘मला शिकवलेलं नाही, सप्लाय बंद करा मग करतो,’ एवढंच म्हणा. यावरून कोणी काढलं तर काढू दे.

रजा आणि उशीर

दिंडोरी-निफाडकडची मुलं द्राक्षाच्या छाटणीला आणि पुढे माल निघायच्या वेळी गायब होतात. घरची शेती आहे, मजूर मिळत नाहीत, बापाला एकटं कसं सोडायचं? मला ते समजतं. पण ऑक्टोबर छाटणी दरवर्षी येते, ती काही अचानक उगवत नाही. पंधरा दिवस आधी सांगा, शक्य असेल तर बदली पाळी सुचवा. तुम्ही न सांगता राहिलात की शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दोघांचं काम करावं लागतं, आणि त्याचाच राग पुढे ‘आजकालची पोरं’ म्हणून बाहेर पडतो. उशीर होणार असेल तर पाळी सुरू व्हायच्या आधी फोन करा. मेसेज नको, फोन. सातच्या पाळीला सात वाजून वीस मिनिटांनी आलेला मेसेज माझ्या काहीच कामाचा नसतो.

आई-वडिलांसाठी थोडं

इंटरव्ह्यूला पोराबरोबर येऊन तुम्हीच उत्तरं देऊ नका. गेटपर्यंत सोडा आणि चहाच्या टपरीवर थांबा. एकवीस वर्षांच्या मुलाने बँकेत केवायसी स्वतः केलेली नसते, वीजबिल जास्त आलं म्हणून महावितरणच्या ऑफिसात तो कधी गेलेला नसतो. आजीला सिव्हिलला न्यायचं तर केसपेपर काढायला वडीलच रांगेत उभे राहतात. मग पहिल्यांदा अनोळखी माणूस त्याच्यावर ओरडतो तो थेट माझ्या लाइनवर. ही कामं त्याच्याकडे द्या, पूर्ण द्या. खिडकीवरचा माणूस वसकन अंगावर येईल, कागद कमी पडेल, दुसऱ्यांदा जावं लागेल. त्या दुसऱ्या फेरीला तुम्ही जाऊ नका. आणि घरात काही फुटलं-तुटलं तर आधी कोणी आणि कसं हे निवांत ऐका. आरडाओरड्याच्या भीतीने कप लपवणारं पोर पुढे तार छाटतं, हे मी फार पाहिलंय.

पगार हातात आला की

पहिली स्लिप घरी नेऊन नीट वाचा. भविष्यनिर्वाह निधीसाठी (पीएफ) तुमच्याकडून 12 टक्के कापले जातात आणि तो तुमचाच पैसा असतो. पगार 21000 पर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू होतं, त्यात तुमचे 0.75 टक्के जातात आणि दुखण्याखुपण्याला सातपूरचं हॉस्पिटल मिळतं, त्यासाठी कार्ड करून घ्या. युएएन, म्हणजे तुमच्या पीएफचा कायमचा नंबर, वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि तो एकच ठेवा, नव्या ठिकाणी दुसरा काढू देऊ नका. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. तास तुमच्या वहीत तुम्हीच रोज लिहा, म्हणजे महिनाअखेरीला ‘मला वाटतं जास्त होते’ असं म्हणायची वेळ येत नाही.

सोडायचं ठरलं तरी सांगून सोडा. पगाराच्या दुसऱ्या दिवसापासून यायचंच नाही, फोन बंद, ही पद्धत अंबडमध्ये इतकी रुळली आहे की ज्यांनी सांगून सोडलं त्यांची नावं आम्हाला लक्षात राहतात. नोटीस नेमणूकपत्रात असेल तेवढी द्या, हातातलं पॅनेल ड्रॉइंगच्या कोणत्या पानापर्यंत झालंय ते पुढच्याला दाखवा, हत्यारं मोजून परत करा, अनुभवाचा दाखला मागून घ्या. पीएफचे पैसे काढून टाकू नका, नव्या कंपनीत रुजू झालात की खातं तिकडे वळवा.