पुणे जिल्ह्यातील विकासनिधीचा खर्च कितपत कार्यक्षम आहे, हे कसे तपासावे

आर्थिक वर्ष संपत आले की जिल्हा वार्षिक योजनेचा, म्हणजे जिल्ह्यातील विकासकामांच्या वर्षभराच्या आराखड्याचा, किती टक्के निधी खर्च झाला, याच्या बातम्या येतात आणि शंभर टक्क्यांच्या जवळ गेलेला जिल्हा कार्यक्षम ठरतो. ही टक्केवारी फक्त पैसा कोषागारातून बाहेर पडला एवढेच सांगते. त्या पैशातून काम वाजवी दरात आणि वेळेत उभे राहिले का, आणि उभे राहिलेले काम लोकांच्या उपयोगी पडले का, हे तपासायचे असेल तर संपूर्ण जिल्ह्याचा आराखडा हाती न घेता एक तालुका, एक लेखाशीर्ष (अर्थसंकल्पात खर्चाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक) आणि त्यातील मोजकी कामे निवडावीत. गावात ‘२५१५ मधून मंजूर’ किंवा ‘५०५४ चा रस्ता’ असे जे बोलले जाते, ते आकडे म्हणजे हीच लेखाशीर्षे.

तरतूद किती, वितरित किती आणि खर्च किती, हे राज्य शासनाच्या ‘बीम्स’ या अर्थसंकल्पीय निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर पाहता येते. मात्र तेथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. जिल्हा परिषदेकडे वर्ग झालेला निधी शासनाच्या हिशेबात खर्ची पडलेला दिसतो, पण जिल्हा परिषदेला तो पुढील आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत वापरण्याची मुभा असते. म्हणून २०२३-२४ च्या निधीचा खरा हिशेब ३१ मार्च २०२५ ची स्थिती पाहूनच मांडावा. त्याच वेळी मागील वर्षांचे दायित्व, म्हणजे आधी मंजूर झालेल्या कामांचे देणे, किती होते, हेही विचारावे. जुनी अपूर्ण कामे नव्या तरतुदीचा मोठा वाटा खात असतील, तर दोष यंदाच्या खर्चाचा नसून आवाक्याबाहेर दिलेल्या मंजुऱ्यांचा असतो.

यानंतर निवडलेल्या कामाची संचिका (फाइल) पाहावी. माहिती अधिकार अधिनियम, २००५ नुसार कागदपत्रांच्या प्रती तर मिळतातच, शिवाय प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे, ज्याचा वापर फारच कमी लोक करतात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस. सोमवारी दुपारी नागरिकांना संचिका खुल्या करण्याची पद्धत पुणे महापालिकेत सुरू झाली आणि २०१८ मध्ये शासनाने ती जिल्हा पातळीवरील कार्यालयांना लागू केली; जाण्यापूर्वी संबंधित कार्यालयाकडे वेळेची खात्री करून घ्यावी.

संचिकेतून प्रशासकीय मान्यता (काम व खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी), कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) आणि अंतिम देयक (बिल) यांच्या तारखा एका ओळीत उतरवून घ्याव्यात. मान्यता जूनमध्ये, कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत आणि देयक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, असा क्रम दिसला की मोजमाप पुस्तिका, म्हणजे झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही, बारकाईने वाचावी. मग ती घेऊन जागेवर जावे. काँक्रीट रस्त्याची जाडी उघड्या कडेला साध्या टेपने मोजता येते, आणि पुस्तिकेत लिहिलेली लांबी पायी चालून पडताळता येते. एकच रस्ता दोन-तीन तुकड्यांत स्वतंत्र कामे म्हणून मंजूर झाला असेल, तर त्याचे कारण लेखी विचारावे.

दराची तुलना करताना सर्वांत जास्त गफलत होते. प्रति किलोमीटर खर्च काढला की राजगड (पूर्वीचे वेल्हे) तालुक्यातील घाटरस्ता दौंडच्या सपाट रस्त्यापेक्षा महाग दिसणारच, कारण खोदकाम, मोऱ्या, संरक्षक भिंती आणि साहित्याची वाहतूक यांचा भार वेगळा असतो. तुलना सारख्या भूभागातील, सारख्या रुंदीच्या आणि एकाच वर्षाच्या दरसूचीतील (शासनाने ठरवलेल्या बांधकाम दरांच्या यादीतील) कामांचीच करावी. दरडोई खर्चाबाबत तर मी अधिकच सावध राहण्याचा आग्रह धरेन. मुळशीच्या डोंगरातील तीस घरांच्या वाडीला पाणी पोहोचवणे दरडोई महागच पडते, आणि तेवढ्यावरून ती योजना अकार्यक्षम ठरवणे हा त्या वाडीवर अन्याय आहे. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ च्या अहवालात राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्ह्यांचा अनुशेष, म्हणजे विकासात ते किती मागे आहेत, हे मोजले. तालुका पातळीवर पाहतानाही प्रत्येक तालुका किती मागे आहे, हे असेच वेगळे तपासावे, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवड शहरांमुळे जिल्ह्याची सरासरी फुगते आणि भोर, राजगड किंवा आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याची स्थिती तिच्यामागे झाकली जाते.

शेवटची आणि सर्वांत कठीण तपासणी परिणामाची. जलसंधारणाच्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६३४ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असा निष्कर्ष भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२० मध्ये मांडला. म्हणजे बांधलेले बंधारे मोजून परिणाम कळत नाही. आपल्या गावाबाबत हे तपासायचे असेल, तर पुण्यात मुख्यालय असलेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी घ्याव्यात, मे महिन्याची पातळी मे महिन्याशीच ताडून पाहावी, त्या-त्या वर्षीचा पाऊस शेजारी लिहावा आणि ज्या शेजारच्या गावात काम झाले नाही तेथील नोंदही सोबत ठेवावी. नळ योजनेत जोडण्यांच्या संख्येऐवजी एप्रिल-मे मध्ये माणशी ५५ लिटर पाणी खरोखर येते का, हे घरोघरी विचारावे.

निष्कर्ष एका पानात, तारखा आणि मोजमापांसह लिहून काम करणाऱ्या यंत्रणेला द्यावेत, त्याची पोच घ्यावी आणि प्रत ग्रामसभेत तसेच जिल्हाधिकाऱ्यांकडे ठेवावी, कारण जिल्ह्याचा आराखडा ठरवणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे सदस्य-सचिव तेच असतात. रस्त्याची पाहणी पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा करावी; दोषदायित्व कालावधी (कामातील दोष ठेकेदाराने स्वतः दुरुस्त करून देण्याची मुदत) संपण्यापूर्वी लेखी तक्रार पोहोचली तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते, अन्यथा तोच खड्डा बुजवण्यासाठी पुढच्या वर्षीच्या आराखड्यात पुन्हा तरतूद करावी लागते.