बागेसाठी आणि मोठ्या कुंडीसाठी लहान झाड कसे निवडावे

रोपवाटिकेतले कमरेइतके रोप पूर्ण वाढल्यावर केवढे होणार, हे विचारल्याशिवाय ते घरी आणू नये. डाळिंब, तगर आणि कामिनी ही झाडे छाटणी करून 10-12 फुटांत सहज ठेवता येतात. पारिजातक मात्र मोकळ्या जमिनीत 30 फुटांपर्यंतही जाऊ शकतो. वड-पिंपळाच्या कुळातली झाडे, आणि त्यांत शोभेचे रबराचे झाडही आले, भिंतीलगत किंवा पाण्याच्या नळांजवळ जमिनीत मुळीच लावू नयेत, कारण त्यांची मुळे फरशा उचलतात आणि फटींमध्ये शिरतात.

कुंडीत झाडाची वाढ मुळांना मिळणाऱ्या जागेवर ठरते. कुंडी किमान दीड फूट खोल आणि तितकीच रुंद असावी. दोन फूट असल्यास उत्तम. मात्र 60 सेंमी लांबी, रुंदी आणि खोलीच्या कुंडीत सुमारे 216 लिटर माती मावते आणि ओली झाल्यावर तिचे वजन 300 किलोच्या आसपास जाऊ शकते, त्यामुळे गच्चीवर किंवा सज्जात ती ठेवण्यापूर्वी जाणकाराकडून भार तपासून घ्यावा. निचऱ्यासाठी तळाशी खडीचा थर देण्याची पद्धत सर्वत्र दिसते, परंतु त्याने पाणी लवकर निघून जात नाही, उलट ओलसर पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. तळाला पुरेशी भोके आणि भुसभुशीत माती, एवढेच खरे उपयोगाचे. पांढऱ्या चाफ्याला तर साचलेले पाणी अजिबात सोसत नाही.

रोप घेताना ते पिशवीतून हळूच बाहेर काढून पाहण्याची परवानगी जरूर मागावी. मुळे गोल गोल फिरून एकमेकांत गुंतली असतील, तर वरची पालवी कितीही टवटवीत दिसली तरी ते रोप नाकारावे, कारण तीच मुळे पुढे जाड होऊन बुंध्याला आवळतात. लिंबाचे कलम घेताना सांधा नीट जुळलेला आहे आणि त्याच्या खाली खुंटाला, म्हणजे ज्या मूळ रोपावर कलम बांधले आहे त्याला, फुटवे आलेले नाहीत, हे पाहावे. लिंबू लावणार असाल, तर सुगंधाच्या मोहाने शेजारी कामिनी लावू नका: लिंबूवर्गातील झाडांना घातक असलेला हरितरोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड कामिनीवरही पोसली जाते.