१७८८ मध्ये ओहायोत न्यायाधीश व्हायचंय? या चुका टाळा

अमेरिकी काँग्रेसने १३ जुलै १७८७ रोजी वायव्य प्रदेशाचा कायदा मंजूर केला आणि ओहायो नदीपलीकडच्या मुलखासाठी पाच खुर्च्या तयार झाल्या: एक गव्हर्नर, एक सचिव, तीन न्यायाधीश. त्या मिळवताना आणि सांभाळताना भले भले अडखळले.

नुसत्या लष्करी कामगिरीवर विसंबू नका. क्रांतियुद्ध गाजवलेले अधिकारी सध्या पैशाला पासरी आहेत. इथे वशिला चालतो तो जमीन कंपनीचा. ओहायो कंपनीचे संचालक पार्सन्स आणि व्हर्नम न्यायाधीश झाले, तिचे सचिव सार्जंट प्रदेशाचेही सचिव झाले. गव्हर्नरपद मात्र हुकलं. कंपनीला तिथे पार्सन्स हवे होते, पण जमिनीचा सौदा ज्या काँग्रेसकडून पदरात पाडून घ्यायचा, तिचे अध्यक्ष होते आर्थर सेंट क्लेअर. कंपनीने पार्सन्सचं नाव मागे घेतलं आणि गव्हर्नर झाले सेंट क्लेअर. आणि हो, न्यायाधीशाच्या नावावर प्रदेशात ५०० एकर जमीन लागते, गव्हर्नरच्या नावावर १०००.

कायदे मनाने रचू नका. सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. गव्हर्नर आणि न्यायाधीशांनी मूळ राज्यांचे कायदे उचलून लागू करायचे, एवढाच अधिकार होता. पार्सन्स आणि व्हर्नम यांनी त्याचा अर्थ ऐसपैस लावला. सेंट क्लेअर यांनी १७८८ मध्येच हरकत घेतली, तरी घरचे कायदे निघत राहिले. उद्या एखाद्या वकिलाने उभं राहून "मुळात हा कायदाच बेकायदा" म्हटलं, तर निवाडा कशाच्या आधारावर देणार? अखेर १७९५ मध्ये सिनसिनाटीत सेंट क्लेअर आणि न्यायाधीश सिम्स व टर्नर बसले आणि मुख्यतः पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यांमधून नवा संच उचलला. तो ओळखला जातो मॅक्सवेल यांच्या नावाने. हे मॅक्सवेल छापखानेवाले! कायदे नीट करा, म्हणजे निदान नाव तरी तुमचं लागेल.

तिघंही हजर असतील असं धरून चालू नका. कोर्ट भरायला तिघांपैकी दोघे लागतात. व्हर्नम जानेवारी १७८९ मध्ये वारले, पार्सन्स त्याच वर्षी नोव्हेंबरात नदीत बुडाले. उरलेल्या आणि नव्या न्यायाधीशांना ओहायोकाठच्या मॅरिएटापासून मिसिसिपीकाठच्या कास्कास्कियापर्यंतचा मुलूख बघायचा, तोही जंगलातून आणि नदीतून. १७९२ मध्ये काँग्रेसने एकट्या न्यायाधीशालाही कोर्ट भरवायची मुभा दिली, तेव्हा कुठे गाडी हलली. जिल्ह्याची कोर्टं त्यामानाने लवकर उभी राहिली: मॅरिएटात २ सप्टेंबर १७८८ ला पहिलं कोर्ट उघडलं, तेव्हा शेरीफ स्प्रोट उपसलेली तलवार घेऊन मिरवणुकीच्या पुढे होते.

नकाशावर भुलू नका. डेट्रॉईट कागदावर तुमच्याच हद्दीत आहे, पण १७९६ पर्यंत तिथे ब्रिटिश सैन्य बसलेलं होतं. शॉनी, मायामी या मूळ रहिवासी जमातींच्या मुलखात तर तुमचं समन्स चालणारच नाही. नोव्हेंबर १७९१ मध्ये खुद्द गव्हर्नरच्या फौजेचा तिथे धुव्वा उडाला.

न्यायाधीश असताना जमिनीचा धंदा करू नका. पगार वर्षाला ८०० डॉलर, त्यामुळे मोह होणारच. जॉन क्लीव्ह्ज सिम्स यांनी दोन मायामी नद्यांमधल्या दहा लाख एकरांचा करार केला आणि मोजणी धड होण्याआधीच भूखंड विकायला काढले. १७९४ मध्ये सनद हातात आली ती ३,११,६८२ एकरांची. हद्दीबाहेर विकलेल्या जमिनींचे गिऱ्हाईक मग दावे घेऊन आले, आणि न्यायाधीश स्वतःच प्रतिवादी झाले. १८१४ मध्ये ते वारले, तोवर बरीचशी मिळकत त्यातच गेली होती.