चेक पूर्वजाचं आडनाव मध्येच गायब होत असेल तर

सासूबाईंचं घराणं चेकियाच्या दक्षिण बोहेमिया भागातलं, शेतकरी. तिथल्या त्रेबोन शहरातल्या अभिलेखागाराने चर्चच्या नोंदवह्या ऑनलाइन ठेवल्यात, त्यामुळे एकोणिसावं शतक सुरळीत पार पडलं. त्याआधी एका लग्नानंतर नवऱ्याचं आडनावच बंद! जर्मन वळणाची स्पेलिंगं, शेजारची गावं, वंशावळीच्या साइट्स, सगळं चाळून झालं. अक्षरशः डोकं धरून बसायची वेळ आली.

तिकडे घरजावई झालेला माणूस बरेचदा त्या घराचंच नाव लावू लागे. म्हणून आडनाव सोडून घर क्रमांक धरला. हे क्रमांक १७७०-७१ पासूनचे. आधी लग्नाच्या नोंदीतून नवरीचा घर क्रमांक टिपला. मग त्या क्रमांकावरचे पुढचे सगळे जन्म पाहिले, आडनाव न बघता, आई-बापाची पहिली नावं जुळवत. त्या जोडप्याच्या दुसऱ्याच बाळाच्या नोंदीत बापाची दोन्ही आडनावं, मध्ये ‘वुल्गो’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘ऊर्फ’. शेवटी त्याच घराची जमीनवही उघडली. तिथे खरी मेजवानी: म्हाताऱ्याने घर जावयाच्या हवाली करताना स्वतःसाठी खोली, राय हे धान्य आणि दूध लिहून घेतलेलं!

काही गावांत क्रमांक नंतर बदललेत. तिथे शेजाऱ्यांची नावं ताडून पाहा.