देसातला सिमेंटचा रस्ता : बैठकीपासून गोण्या मोजण्यापर्यंत

इंडोनेशियातल्या गावाला 'देसा' म्हणतात. शब्द आपल्या 'देश'चाच. २०१४ च्या ग्राम कायद्याने या देसाला स्वतःचे अंदाजपत्रक मिळाले आणि २०१५ पासून 'दाना देसा' हा निधी केंद्र सरकारकडून गावांसाठी येऊ लागला. पहिल्या वर्षी तो सुमारे २०.७ लाख कोटी रुपिया होता, २०१९ मध्ये ७० लाख कोटी. गावे साधारण ७५ हजार. म्हणजे २०१९ मध्ये सरासरीने एका गावाच्या वाट्याला ९३ कोटी रुपिया आले, तेव्हाच्या दराने पंचेचाळीस-सत्तेचाळीस लाख भारतीय रुपये. यातला मोठा वाटा गावातले रस्ते, गटारे आणि पाण्याच्या सोयींवर खर्च होतो. तिथल्या गावात लोकांना सोबत घेऊन सरकारी काम सुधारायचे असेल तर एखादा सिमेंटचा रस्ता हाती धरावा. सगळी यंत्रणा त्या एका कामात दिसते.

लोक नेमके कुठे लक्ष ठेवतात, हे आधी समजून घ्या. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी पूर्व आणि मध्य जावातल्या ६०८ गावांत रस्त्यांच्या कामांवर प्रयोग केला होता. रस्ते बांधून झाल्यावर अभियंत्यांनी ते खणून वाळू, दगड, खडी मोजली आणि कागदावरच्या खर्चाशी ताडून पाहिली. सरकारी लेखापरीक्षण नक्की होणार असे आधीच सांगितलेल्या गावांत गायब होणारी रक्कम सुमारे आठ टक्के-बिंदूंनी घटली. बैठकीची आमंत्रणे वाटून लोकसहभाग वाढवला तिथे मजुरीतली चोरी कमी झाली, मालातली मात्र जवळपास तशीच राहिली. यात नवल काहीच नाही. आपली मजुरी बुडाली तर माणूस भांडतो. वाळूच्या तीन गाड्या कमी आल्या तर कोणाचेच थेट नुकसान दिसत नाही. म्हणून लोकांची ताकद मालाच्या मोजणीवर लावा, मजुरीची राखण लोक स्वतःहून करतात.

कोणाकडे काय असते

गावप्रमुख म्हणजे 'कपाला देसा'. तो थेट निवडून येतो. २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्याची मुदत आठ वर्षे आणि जास्तीत जास्त दोन वेळा. त्याच्यावर नजर ठेवणारी परिषद म्हणजे 'बेपेदे'. तिच्यात पाच ते नऊ सदस्य असतात आणि संख्या विषम ठेवतात. गावाखाली पाडा किंवा वाडी म्हणावी असे 'दुसुन', त्याखाली शेजारघरांचा गट 'एर-ते'. वर तालुक्यासारखे 'कचामातान' आणि त्याचा अधिकारी 'चामात'. त्यावर जिल्ह्यासारखे 'कबुपातेन' आणि त्याचा प्रमुख 'बुपाती', म्हणजे आपला भूपती. प्रत्यक्ष काम पाहणारी समिती 'ते-पे-का'.

नवखा माणूस एक चूक हमखास करतो. शहरी भागात देसाऐवजी 'कलुराहान' असते. तिथला प्रमुख नेमलेला सरकारी अधिकारी असतो, बेपेदे नसते आणि दाना देसाही येत नाही. आधी आपण कुठे उभे आहोत ते पाहा. पुढची रीत फक्त देसासाठी आहे.

पंचांग आधी, मागणी नंतर

पुढच्या वर्षाच्या कामांसाठी 'मुश्यावाराह देसा' ही बैठक जूनपर्यंत व्हायला हवी. शब्द हिंदीतल्या मशवऱ्याच्या कुळातला. ती बेपेदे बोलावते. वार्षिक आराखडा जुलैपासून लिहिला जातो आणि सप्टेंबरअखेर मंजूर होतो. अंदाजपत्रकावर गावप्रमुख आणि बेपेदे यांची सहमती ऑक्टोबरपर्यंत. मग ते चामातमार्फत बुपातीकडे तपासणीला जाते आणि ३१ डिसेंबरपर्यंत अंतिम होते. जानेवारीत फलक पाहून 'आमच्या दुसुनचा रस्ता कुठे आहे?' असे विचारणाऱ्याला सहा महिने उशीर झालेला असतो. त्याहून खोलात, गावाच्या दीर्घ मुदतीच्या आराखड्यात रस्त्याचा उल्लेखच नसेल तर वार्षिक आराखड्यात तो घुसवणे कठीण जाते. तो आराखडा गावप्रमुखाने पदभार घेतल्यापासून तीन महिन्यांत ठरतो. नवा गावप्रमुख आला की पहिले तीन महिने झोपू नये ते यासाठी.

महाराष्ट्रातल्या ग्रामसभेची सवय असलेल्यांनी इथे एक फरक लक्षात ठेवावा. ग्रामसभेत प्रत्येक मतदार सभासद असतो. मुश्यावाराह देसात बेपेदे, गावचे प्रशासन आणि समाजघटकांचे प्रतिनिधी बसतात: शेतकरी, मच्छीमार, महिला, गरीब कुटुंबे, परंपरेचे जाणकार, शिक्षक. म्हणजे प्रतिनिधी कोण ठरवतो, यावर निम्मी बैठक तिथेच ठरते. शिवाय निर्णय हात वर करून नव्हे, सहमतीने घ्यायची रीत आहे. सहमतीत गप्प राहणाऱ्याची गणती होकारात होते.

त्यामुळे काम मोठ्या बैठकीआधी करायचे. प्रत्येक दुसुनमध्ये वेगळी बैठक घ्या, आणि बायकांची त्याहून वेगळी. मिश्र बैठकीत त्या चहा-खाण्याकडे पाठवल्या जातात, पाण्याचा नळ कुठे हवा हे मात्र त्यांनाच ठाऊक असते. प्रत्येक बैठकीतून तीनपेक्षा जास्त मागण्या पुढे पाठवू नका. मागणी लिहिताना 'रस्ता सुधारावा' असे न लिहिता 'शाळेपासून पुलापर्यंत १०० मीटर, रुंदी ३ मीटर' असे लिहा. लांबी-रुंदी असलेली मागणी नंतर सोयीप्रमाणे सरकवता येत नाही. इतिवृत्ताचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा; टंकलिखित प्रतीत ओळी बदलतात.

अंदाजपत्रकाचा कागद

गावाच्या रस्त्याकडेला अंदाजपत्रकाचा मोठा रंगीत फलक लावलेला असतो. तो पाहून समाधान मानू नका. 'रस्ते विकास : अमुक कोटी' या ओळीतून काहीच मोजता येत नाही. हवा असतो 'एर-आ-बे', म्हणजे कामाचा तपशीलवार खर्च: सिमेंटच्या गोण्या किती, गोणी किती किलोची, वाळू-खडी किती घनमीटर, मजूरदिवस किती, दर काय.

तो मागायला २००८ चा माहितीचा कायदा आहे. अर्ज इंडोनेशियाच्या नागरिकाने किंवा तिथल्या संस्थेने करायचा. परदेशी कार्यकर्त्याने स्वतः करू नये. उत्तराला १० कामाचे दिवस, वाढवून आणखी ७. नाही मिळाले तर वरिष्ठाकडे हरकत, त्याला ३० कामाचे दिवस, आणि मग माहिती आयोग. एवढा वेळ काम थांबत नाही, म्हणून अर्ज अंदाजपत्रक मंजूर होताच टाका, काम सुरू झाल्यावर नाही. बेपेदेचा एखादा सदस्य सोबतीला असेल तर बहुतेकदा अर्जाचीही गरज पडत नाही, कारण अंदाजपत्रकाला सहमती देतानाच हे तपशील त्याच्यासमोर यायला हवेत.

कागद हातात आल्यावर एक ढोबळ तपासणी: एकूण खर्चातला गावप्रमुख, कर्मचारी यांच्या वेतनाचा आणि बेपेदेच्या भत्त्यांचा वाटा ३० टक्क्यांच्या आत असायला हवा.

माल मोजणे

आता मुख्य काम. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड रस्ता धरू. घनफळ ४५ घनमीटर. गावरस्त्याला 'का-१७५' प्रतीचे काँक्रीट धरले, तर इंडोनेशियाच्या मानकाप्रमाणे एका घनमीटरला ३२६ किलो सिमेंट, ७६० किलो वाळू, १०२९ किलो खडी आणि २१५ लिटर पाणी लागते. म्हणजे एकूण सिमेंट १४,६७० किलो. वाळू साधारण साडेचोवीस घनमीटर, खडी साडेचौतीस.

इथे पहिली फट. इंडोनेशियात सिमेंट ५० किलोच्याही गोणीत मिळते आणि ४० किलोच्याही. वरच्या रस्त्याला ५० किलोच्या २९४ गोण्या लागतात, ४० किलोच्या ३६७. कागदावर ५० किलोचा दर आणि २९४ चा आकडा, आणि आल्या ४० किलोच्या २९४, तर २,९१० किलो सिमेंट गेले. मोजणारा गोण्या मोजतो, २९४ भरतात आणि तो सही करतो. म्हणून नोंदवहीत गोण्यांचा आकडा लिहिताना शेजारी गोणीवरचे वजन लिहायचेच. रिकाम्या गोण्या फेकू देऊ नका; दहा-दहाच्या गठ्ठ्यात बांधून काम संपेपर्यंत दुसुनप्रमुखाकडे ठेवा. भरलेल्या गोण्या परत ट्रकमध्ये चढल्या तर रिकाम्या कमी पडतात.

दुसरी फट वाळू-खडीची. 'एक ट्रक' हे माप नव्हे. टेपने ट्रकच्या हौद्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची मोजा, तीही ढिगाच्या शेंड्याला नाही, फळीने सपाट करून. गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ लिहा. एकच ट्रक भरलेला पुढून येऊन मागून पुन्हा तसाच येतो, हा खेळ वेळ लिहिल्याशिवाय सापडत नाही.

तिसरी फट मिश्रणाची. ५० किलोच्या गोणीला साधारण ८३ लिटर वाळू, ११७ लिटर खडी आणि ३३ लिटर पाणी. घनफळात हे १:२:३ होते. मिश्रण १:३:५ वर गेले की सिमेंटचा जवळपास तिसरा हिस्सा वाचतो आणि रस्ता पहिल्या दिवशी तितकाच छान दिसतो. घमेल्यांच्या अंदाजावर सोडू नका, लाकडी मापपेटी करून घ्या. वाळू ओली असेल तर पाणी कमी करा. कामगार मात्र मिश्रण सहज पसरावे म्हणून पाणी वाढवतात. इथे चोरी नसते, हातांचा आराम असतो, पण काँक्रीट तेवढेच कच्चे राहते.

चौथी फट सर्वांत चलाख: जाडी. कडेच्या फळ्या १५ सेंटिमीटरच्या असतात, त्यामुळे बाजूने पाहणाऱ्याला रस्ता बरोबर दिसतो. मधली माती मात्र फुगवट्यासारखी उंच ठेवलेली असते आणि तिथे काँक्रीट १० सेंटिमीटर बसते. सगळ्या रुंदीत सरासरी ३ सेंटिमीटर कमी पडले तरी या रस्त्यात ९ घनमीटर, म्हणजे ५० किलोच्या ५९ गोण्या वाचतात. उपाय साधा आहे. ओतण्याच्या दिवशी सकाळी दोन्ही फळ्यांवरून आडवी दोरी ताणा आणि दर पाच मीटरवर मध्यभागी दोरीपासून मातीपर्यंत पट्टी लावा. आकडा लिहा, पट्टीसह फोटो घ्या. दोरी सैल असेल तर मध्ये झोल पडतो आणि माप चुकते. ती तारेसारखी ताठ हवी. ओतल्यानंतर हे तपासायला रस्ता फोडावा लागतो, आधी पाच मिनिटांत होते.

मोजणारे दोघे असावेत आणि दोघे वेगळ्या एर-तेमधले. वही एक, सह्या दोन. ओतल्यावर सात दिवस ओली गोणपाटे टाकून पाणी मारत राहा. पैशाची चोरी नसूनही रस्ते इथे वाया जातात.

मजुरीबद्दल थोडेच. हजेरीपटावर अंगठा किंवा सही रोजच्या रोज घ्या, आठवड्याची एकदम नाही. 'गोतोंग रोयोंग', म्हणजे गावकीचे फुकट श्रम, आणि पगारी काम यांचे दिवस वेगळे ठेवा, नाहीतर फुकटचा दिवस मजुरीत दाखवला जातो.

तक्रार कुठे

आधी बेपेदेला लेखी प्रश्न, त्यासोबत वहीची छायाप्रत. मग चामात आणि कबुपातेनचे तपासणी कार्यालय. 'लापोर' या राष्ट्रीय तक्रारव्यवस्थेत १७०८ वर एसएमएस किंवा संकेतस्थळावरून तक्रार जाते. नाव गुप्त ठेवायची सोय आहे, आणि छोट्या गावात ती वापरावीच. ओम्बुड्समनकडे, म्हणजे सरकारी कारभाराच्या तक्रारी तपासणाऱ्या संस्थेकडे, जाण्याआधी संबंधित कार्यालयाला तक्रार दिलेली असावी लागते आणि घटना दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. 'भ्रष्टाचार झाला' अशा तक्रारीला उत्तर येते 'पुरावा द्या'. '२० ते ४० मीटर दरम्यान जाडी ११ सेंटिमीटर, अंदाजपत्रकात १५' असे लिहिले की माणूस पाठवावा लागतो.

कचेरीचे गुण

रस्त्यासोबत कचेरीतली सेवाही मोजायची असेल तर नागरिक समाधान सर्वेक्षण आहे. कागदपत्रांच्या अटी, कार्यपद्धती, लागलेला वेळ, शुल्क, मिळालेली सेवा, कर्मचाऱ्याचे कौशल्य, त्याची वागणूक, तक्रारींची दखल, सोयीसुविधा असे नऊ घटक. प्रत्येकाला १ ते ४ गुण. नऊ सरासऱ्यांची सरासरी काढून २५ ने गुणायची. ३.२ आले तर ८०, म्हणजे 'ब' श्रेणी, 'अ' ८८.३१ पासून सुरू होते. एकूण आकडा फलकावर झळकतो आणि फसवतो. वागणुकीला ३.८ आणि वेळेला २.४ असे असले तरी बेरीज देखणीच दिसते. नऊ आकडे वेगवेगळे मागा आणि सर्वांत खालचा एक पुढच्या बैठकीत मांडा.

फॉर्म कारकुनाच्या टेबलावर भरून घेतले तर सगळे चार गुण देतात. ओल्केन यांच्या प्रयोगात रस्त्याच्या कामाबद्दल निनावी अभिप्रायाचे फॉर्म शेजारप्रमुखांमार्फत वाटले तिथे चोरीत फरक पडला नाही. शाळेतल्या मुलांच्या हाती घरी पाठवले तिथे पडला. गावच्या मुख्याध्यापकाशी आधी बोलून ठेवा, आणि भरलेले फॉर्म टाकायची पेटी शाळेतच ठेवा, कचेरीच्या दारात नाही.