नेमणूकपत्रात ‘अ‍ॅडहॉक’ आलं तर ते कसं वाचावं

भाचीला धुळ्याच्या एका संस्थेतून नेमणुकीचं पत्र आलं. पेढे वाटून झाले आणि मग कुणीतरी विचारलं, ‘अ‍ॅडहॉक तत्त्वावर म्हणजे काय रे मामा?’ त्या रात्री आम्ही ते पत्र जसं वाचलं, तसंच सांगतो.

आधी शब्द फोडा. हा मूळचा लॅटिन, अर्थ ‘यासाठी’. आपला ‘तदर्थ’ तसाच घडलेला आहे: त्यासाठी. म्हणजे या शब्दात आधी काम येतं, मुदत नंतर. आपल्या रावेर-यावलकडे केळीचा घड भरला की झाड वाकू नये म्हणून बांबूचा टेकू देतात. घड उतरला की टेकू निघतो. टेकू कच्चा नसतो, त्या घडापुरता असतो. राज्यघटनेच्या कलम 127 मधले तदर्थ न्यायाधीशही असेच: सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांची गणपूर्ती (कोरम) होत नसेल, तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना तेवढ्यापुरतं बोलावता येतं. पण त्यांनी दिलेला निकाल काही तात्पुरता नसतो.

आता पत्रावर बोट ठेवून दोन गोष्टी शोधा: कशासाठी आणि कधीपर्यंत. भाचीच्या पत्रात ‘नियमित उमेदवार रुजू होईपर्यंत’ असं होतं. तारीख कुठेच नव्हती. म्हणजे उमेदवार उद्या आला तर उद्याच घरी. नोकरी जरूर घ्या, पण हे वाक्य वाचून घ्या. ‘पुढे कायम करू’ असं कुणी तोंडी म्हणालं, तर त्यावर घराचं कर्ज काढू नका.

शेजारचे शब्द यात मिसळू नका. दुसऱ्या पदाचा कार्यभार सोपवलेला तो प्रभारी. तासांवर मानधन मिळतं ते तासिका तत्त्वावर. नव्या लोकसभेत अध्यक्ष निवडेपर्यंत कामकाज बघतात ते हंगामी अध्यक्ष.

स्वतः लिहिताना शब्दाआधी काम लिहा. ‘अ‍ॅडहॉक समिती नेमली’ यातून काहीच कळत नाही. ‘कानबाईच्या उत्सवापुरती तदर्थ समिती, विसर्जनानंतर हिशेब देऊन ती विसर्जित होईल’ असं लिहिलं की गावात वाद राहत नाही. ‘तात्पुरती अ‍ॅडहॉक समिती’ ही दुरुक्ती टाळा. साध्या पत्रात तर ‘तेवढ्यापुरती’ हा आपला शब्दच मला जास्त आवडतो.

आणि पत्रात मुदत नसेल तर रुजू होतानाच अर्ज द्या, पोच घ्या. भाचीने दिला तो एवढाच होता: ‘माझी नेमणूक कोणत्या रिक्त पदावर व कोणत्या तारखेपर्यंत आहे, हे कृपया लेखी कळवावे.’